पुलावर चाळीसच्या वेगानं

व्हेनेझुएलातल्या मराकाइबोत उन्हाळा वेगळा येत नाही, तो बाराही महिने मुक्कामालाच असतो. अशा गावात इदेल्मा ब्राचो बावीस वर्षं क्रीमचे केक करत आली. आणि ते पोचवायला तिला नवरा मिळाला नेरिओ. गाडीतला एसी म्हणजे टाकीला पडलेलं भोक, असं मानणारा.

नेरिओ बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला. टंचाईमुळं लागणारी पेट्रोलची रांग तोच लावायचा, कधी पहाटे उभा राहिला की दुपार कलेपर्यंत. हे इदेल्माला मान्य होतं.

"पण एसी बंद केलास की वितळतात ते माझे केक," ती म्हणायची.

"आणि पेट्रोल संपलं की केक काय डोक्यावर घेऊन जाशील?"

सिग्नल आला की एसी बंद, चढ लागला की बंद. इदेल्मा बटण दाबून लावायची, तो पुन्हा बंद करायचा. अखेर वैतागून तिनं परीक्षाच घ्यायला लावली. टाकी काठोकाठ भरून सरोवरावरच्या पुलावरून काबिमासला जाऊन यायचं, एकदा खिडक्या उघड्या ठेवून, एकदा एसी लावून. वेग दोन्ही वेळा ऐंशी. आल्यावर टाकी परत भरून बघितली, तर फरक निघाला जेमतेम पेलाभर.

शेजारचा मेकॅनिक आस्तोल्फो म्हणाला, "गावात, गर्दीत एसी पेट्रोल खातोच, नेरिओ. पण मोकळ्या रस्त्यावर खिडक्या उघड्या असल्या की वारा आत शिरून गाडीला मागं ओढतो. मग तेवढंच जातं."

नेरिओनं बराच वेळ मान डोलावली. इदेल्माला वाटलं, आता कटकट मिटली.

पुढच्या शनिवारी काबिमासच्या एग्दाबाईंच्या नातीचा पंधरावा वाढदिवस होता. तीन मजली केक. इदेल्मा मागच्या सीटवर खोकं धरून बसलेली. गाडी पुलावर चढली आणि नेरिओनं एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि वेग आणला चाळीसवर. मागून ट्रक हॉर्न मारू लागले.

"नेरिओ, हे काय चाललंय?"

"आस्तोल्फोच म्हणाला ना. हळू गेलं की वारा ओढत नाही."

"अरे, पूल आठ किलोमीटरच्या वर आहे."

"मग घाई करून तो लहान होणार आहे का?"

पुलाच्या मध्यावर गुलाबी फुलं घसरली. उतारावर वरचा मजला डावीकडे कलला. इदेल्मा दोन्ही हातांनी तो सावरत राहिली. मनगटापर्यंत क्रीम आलं.

एग्दाबाईंनी खोकं उघडून पाहिलं. "इदेल्मा, हा वाकलाय, की हल्ली अशीच पद्धत आहे?"

इदेल्मानं फक्त सुरी मागितली आणि फ्रीज रिकामा करून घेतला. वरचा मजला काढून टाकला, उरलेले दोन किसलेल्या खोबऱ्याखाली झाकले. दीड तास लागला. नातीला केक आवडला, पण इदेल्माच्या कानशिलांची आग शमली नाही. बाहेर सावलीत नेरिओ चीजचे तळलेले रोल खात पाहुण्यांना पेट्रोल वाचवण्याची युक्ती सांगत होता.

निघताना तिनं हात पुढे केला. "किल्ली दे."

"अकरा वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाहीस तू."

"किल्ली दे, नेरिओ."

पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली. तिनं ती पुन्हा चालू केली. पुलावर तिनं काचा वर घेतल्या, एसी लावला, वेग ऐंशीवर नेला. अर्धा पूल नेरिओ इंधनाच्या काट्याकडे टक लावून होता. मग गार वाऱ्यानं त्याचे डोळे जड झाले आणि तो घोरायला लागला.

तेव्हापासून केक पोचवायला इदेल्मा एकटीच जाते. रांग अजून नेरिओच लावतो, इंजिन बंद करून, दारं उघडी टाकून, घामानं निथळत. त्याबद्दल ती त्याला काही बोलत नाही.

परवा जेवताना तो म्हणाला, "ऐंशीऐवजी सत्तरनं गेलीस तर?"

इदेल्मानं त्याच्या पानात आणखी एक तळलेलं केळं वाढलं आणि रेडिओ मोठा केला.