उन्हाची ड्यूटी

सकाळी नऊच्या सुमारास शेजारचे काका फाटकातून फक्त हात बाहेर काढायचे. पाऊस पडतो का ते पाहायला लोक काढतात तसा, तळवा वर करून. मग तो हात उलटा करायचे, थोडं थांबायचे, आणि आत घेता घेता साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आलं नाही अजून!"

ऊन आलं नाही, असं त्यांना म्हणायचं असे.

आमची गल्ली छत्तीसगढात, कोहक्यात आहे. पूर्वी इथली घरं बसकी होती. आता ज्याच्या त्याच्या घरावर एक मजला चढला आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आमच्या दारात ऊन येतच नाही. गल्लीच्या तोंडाशी एक रिकामा प्लॉट आहे. तिथे ते सव्वानऊला उतरतं आणि बाराला शेजारच्या दुमजली घरामागे जातं. दिवसाचं ऊन म्हणजे एवढंच. तुमच्याही वस्तीत असा एखादा तुकडा असेल आणि त्याच्यावर नजर ठेवून असणारा एखादा माणूसही तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडे ते काका होते.

ते इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. सगळी नोकरी भट्टीपुढे गेली. "थंडी काय चीज असते ते मले रिटायर झाल्यावर समजलं," असं ते हसून सांगायचे. पण त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. त्यांची बायको, आमच्या काकी, एका उन्हाळ्यात गेल्या, आणि त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात काका अंथरुणाला लागले. आजार असा काही नाही. दिवाळी झाली, दिवस लहान झाला, आणि त्यांनी रजई डोक्यावरून घेतली ती होळीपर्यंत काढली नाही. दाढी नाही, अंघोळ नाही. आई डबा पाठवायची, तो तसाच परत यायचा. मी तेव्हा बारावीत होते. डबा न्यायला-आणायला मीच जायचे. त्या खोलीत दिवसाही बल्ब लावलेला असे आणि काका भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. मी "काका, जेवा ना" म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत पळून यायचे. मला भीती वाटायची.

त्यांची मुलगी नागपूरला असते. ती आली, डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली. जाताना तिने आमच्या आईसमोरच त्यांना सांगितलं, "बाबा, पुढच्या थंडीत पुन्हा असं झालं तर मी घराले कुलूप लावून तुम्हाले घेऊन जाईन. मग माझं ऐकावंच लागेल."

ती गेल्यावर काका आमच्या ओट्यावर येऊन बसले, उठले, पुन्हा बसले. आईला म्हणाले, "पोरगी चांगली हाय वो. जावई बी चांगला हाय. पर तिथं मी पाव्हणा राहीन. इथं मी मानूस हावो."

डॉक्टरने त्यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या : गोळ्या चुकवू नका, सकाळी उन्हात बसा, माणसांत राहा. गोळ्या ते घेतच होते. उरलेल्या दोन गोष्टींची त्यांनी पुढच्या हिवाळ्यात ड्यूटी लावली.

अगदी प्लांटसारखी. प्लॉटवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पहिली पाळी आईची आणि शेजारच्या छत्तीसगढी काकूंची. त्या भाजी निवडायच्या, तिवऱ्याच्या शेंगा सोलायच्या. दुसरी पाळी काकांची. तिसरी अकरा ते बारा, ती माझी. नियम एकच होता, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येणार, 'चार्ज घेतला' म्हणणार, मगच आधीच्याने उठायचं. काकांनी एकदा रिलीव्हर आला नाही म्हणून लागोपाठ दोन पाळ्या भट्टीपुढे काढल्या होत्या. तो किस्सा आम्ही इतक्यांदा ऐकला होता की काकू मध्येच उरलेलं वाक्य पूर्ण करायच्या.

मला त्यांनी कसं पकडलं ते सांगते. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही, त्यामुळे कॉलेजात काय झालं की घाबरायचं आणि काय झालं की नाही, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. थंडी आली की मलाही सकाळी उठवत नसे. कॉलेज दुपारचं होतं, पण अकरा वाजले तरी मी ब्लँकेटमध्ये असायचे. प्रॅक्टिकल बुडू लागली. एक दिवस काका सरळ दारात.

"काय वं पोरी, झोपून कावून राहिली?"

"मन लागत नाही काका."

"मन लागून नाही राहिलं तं हात लाव. मन मांगून येते." आणि लगेच, "तुले एक पोस्ट देतो. अकरा ते बारा. पुस्तक घेऊन ये."

"आणि मले कोण रिलीव्ह करणार?"

"सावली," ते म्हणाले. "ते कधी लेट नाही येत."

मी जाऊ लागले. उन्हात पाठ भाजायची, डोळे मिटायचे, तरी पानं पुढे सरकायची. बारा वाजता सावली पायापर्यंत आली की उठून अंघोळ, जेवण आणि कॉलेज. हे सगळं लिहिताना फार साधं वाटतं, पण त्या महिन्यात माझं एकही प्रॅक्टिकल बुडलं नाही.

काका स्वतः मात्र बसत नसत. पाळी त्यांची असली तरी खुर्चीभोवती फिरत राहायचे. खुर्ची उन्हाबरोबर वीतभर सरकवायचे. बसले तर गुडघा हलत असे. आई म्हणायची, "भाऊजी, जरा टेका ना." ते म्हणायचे, "टेकलो की थंडी पकडते."

एकदा तीन दिवस आभाळ आलं. मला वाटलं, आता ड्यूटी बंद. काका सकाळी सातला तेलाची कुपी आणि पाना घेऊन आमच्या दारात उभे. बाबा रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते.

"काका, झोपू द्या ना त्यांना," मी म्हटलं.

"त्याले झोपू दे. त्याच्या सायकलीचं काम हाय. लाइन बंद असली की मेंटेनन्स करा लागते."

त्या तीन दिवसांत गल्लीतल्या साऱ्या सायकलींच्या चेनी तेलात न्हाल्या. गळके नळ गळायचे थांबले, आणि एक न गळणारा नळ गळायला लागला. काकूंनी त्यावरून त्यांना आठवडाभर छळलं. "बबा, मोर नल ल बने कर दे, फेर दूसर के ल बिगाड़," अशी ती त्यांची हाक, म्हणजे आधी माझा नळ नीट कर, मग दुसऱ्याचा बिघडव. काका खाली मान घालून पाना शोधायचे.

संध्याकाळ त्यांना सगळ्यांत जड जायची. साडेपाच वाजले, उजेड ओसरू लागला की ते घरातले सगळे दिवे लावायचे आणि स्वतः बाहेर पडायचे. चौकापर्यंत जायचे, यायचे, पुन्हा जायचे. मध्येच आमच्या दारात थांबायचे. आई विचारायची, "काय भाऊजी?"

"काई नाही. असंच."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आईने मग संध्याकाळचा चहा दोनदा करायला सुरुवात केली. अंधार पुरता पडला की त्यांचे पाय थांबायचे. "गेला आजचा दिवस," म्हणायचे आणि घरी जायचे. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ते उभे होते. मुलीचा फोन आला की म्हणायचे, "अवो ठीक हावो मी, ड्यूटीवर हावो." आम्हा सगळ्यांना मनातून वाटू लागलं होतं की हा हिवाळा पार होणार.

जानेवारीत माझा निकाल लागला. फिजिक्सचा पेपर अडकला होता.

आई-बाबा त्या दिवशी सकाळीच उतईला, नातेवाइकांकडे बारशाला गेले होते. मी मोबाइलवर निकाल पाहिला आणि ब्लँकेट डोक्यावरून घेतलं. अकरा वाजले ते मला कळलं. थोड्या वेळाने फोन वाजला, स्क्रीनवर 'काका' आलं. मी फोन पालथा घातला. पुन्हा वाजला. पुन्हा पालथा. मला वाटलं, मी गेले नाही तर नाही गेले, ते जातील घरी. माझ्यावाचून कोणाचं काय अडतंय.

चार वाजून गेल्यावर काकूंनी दार ठोठावलं. "नोनी, बबा अभी ले उहिंचे बइठे हे. कुछु नइ खाए हे." पोरी, काका अजून तिथंच बसलेत, काही खाल्लं नाही; हाका मारून मी थकले, पण उठतच नाहीत, असं त्या सांगत होत्या.

मी चप्पल न घालता धावले. प्लॉटवर दुपारपासून सावली होती, वारा सुटला होता. काका खुर्चीत बसले होते. या खेपेला गुडघा हलत नव्हता. दोन्ही हात काखेत, ओठ निळसर.

"काका! घरी कावून नाही गेले?"

"रिलीव्हर नाही आला."

"सावली तर बाराला आली होती ना!"

"ते तुझी रिलीव्हर होती," ते म्हणाले. "माझी तू."

आवाजात राग नव्हता. मला अजून सांगता येत नाही की ते थट्टा करत होते, मला काही शिकवत होते, की त्यांना खरंच तिथून उठता येत नव्हतं. मी फक्त म्हणाले, "चार्ज घेतला." ते लगेच उठायला गेले, पण पाय धरले होते. काकू आणि मी त्यांना दोन बाजूंनी धरून घरी आणलं. काकूंनी गोरसी पेटवली, ही इकडची शेकायची मातीची शेगडी. तिच्यापुढे बसून चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "काय झालं होतं?"

"पेपर अडकला."

"अडकला तं काढू. मले वाटलं, तू बी पांघरून घेतलं."

मी घेतलंच होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

रात्री ताप आला, सकाळी छातीत कफ. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. कोणीतरी तिला सगळं सांगितलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. माझी पाळी होती, मी गेले नाही."

"तुझी नाही गं चूक," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "पण तूच सांग, एक माणूस चार-पाच घंटे उपाशी थंडीत बसून राहतो, कशासाठी, तर पुढचा आला नाही म्हणून. याला मी बरं झालं म्हणू?"

मी तिला रिलीव्हरचा नियम समजावायला लागले. आई मध्ये पडली, काकूही बोलल्या. आम्ही सांगत होतो की त्यांचं मन या वर्षी चांगलं होतं, ते हसत होते, नळ बिघडवत होते. गल्लीत कोणालाही पटेल अशी ती गोष्ट होती. पण तिच्यासमोर मांडताना माझ्या स्वतःच्याच कानाला ती वेडेपणाची वाटू लागली. ती ऐकत राहिली आणि सूटकेसमध्ये स्वेटर भरत राहिली. तिच्या जागी मी असते तर मीही भरले असते.

काका वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. ताप उतरल्यावर ऑटोत बसले. आई पाया पडायला वाकली तर त्यांनी पडू दिलं नाही, तिला म्हणाले, "येतो, वहिनी." आईला ते कधी वहिनी म्हणत नसत. मी पुढे झाले तर म्हणाले, "फिजिक्स पाह्य." ऑटो वळला. कुलूप त्या दिवसापासून आहे.

प्लॉटवर आम्ही आठवडाभर बसलो, मग ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, मग राहिलं. फिजिक्स मी मे महिन्यात काढलं. फोनवर सांगितलं तेव्हा ते "हाव, हाव" म्हणाले आणि फोन मुलीकडे दिला.

पुढच्या डिसेंबरात नागपूरला आईच्या मामेभावाचं लग्न होतं. मी वेळ काढून काकांकडे गेले. पाचव्या मजल्यावर फ्लॅट, स्वच्छ, उबदार. काका गुळगुळीत दाढी केलेले, नवीन मोजे, सोफ्यावर टीव्हीसमोर. जरा भरलेही होते. ताई म्हणाली, "या वर्षी काही त्रास नाही, बघ." आणि ते खरंच दिसत होतं. मग ती मुलाला आणायला शाळेत गेली आणि आम्ही दोघंच उरलो.

थोड्या वेळाने काकांना आठवलं की मी पाहुणी आहे. "पानी," म्हणत ते उठून स्वयंपाकघरात गेले. एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग ओट्याखालचं. मी दारातून पाहिलं. त्यांनी डाळींचे डबे पाहिले, ताटं पाहिली, कप पाहिले. जवळजवळ वर्ष झालं होतं त्यांना त्या घरात. "इथंच राह्यते गिलास," ते स्वतःशी म्हणाले आणि आधी उघडलेलंच कपाट पुन्हा उघडलं. मी पुढे होऊन शोधून दिला असता, पण पाय उचलला नाही. शेवटी वरच्या फळीवर, अगदी मागे, सापडला.

ते पाणी घेऊन आले. मी उभ्याउभ्या सगळं प्यायले.

"अजून देऊ?"

मला तहान नव्हती.

"द्या," मी म्हणाले.

रिकामा ग्लास माझ्याच हातात होता. काका वळले, दुसरा आणायला झपाझप आत गेले, आणि या वेळी फक्त एकच कपाट उघडल्याचा आवाज आला.