निमिषचा प्रोजेक्ट

श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळात चेंडू फेकून पोट भरणारा निमिष हा एकटाच. आता हे चारचौघांत सांगायचं कसं? त्याच्या आईनं, शोभनाकाकूंनी, सोपा मार्ग काढला. तो बेसबॉल खेळायला मेक्सिकोला गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रोजेक्टवर गेलाय." तिथल्या टीमनं काढल्यावर तो तैवानला गेला. काकूंनी जाहीर केलं, क्लायंट बदलला. मग इटली. खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्याइतकं सभ्य मंडळ अख्ख्या अमेरिकेत नाही. आम्हीही विचारायचो, "नवा क्लायंट कसा आहे?"

इटलीत त्यानं टीमला फायनल जिंकून दिली, त्या दुपारी आम्ही गणपतीच्या हॉलमध्ये जेवत होतो. काकूंच्या फोनवर व्हिडिओ आला. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते. काकूंनी घाईनं फोन पर्समध्ये कोंबला आणि मोदक वाढायला गेल्या. कुणी पाहिलं असतं म्हणजे?

चौतिसाव्या वर्षी खांदा निकामी झाला आणि निमिष एका इन्शुरन्स ऑफिसात चिकटला. मंडळाला कोण आनंद! पुढच्याच गणपतीत शाल घालून सत्कार केला. अध्यक्ष गुरुनाथकाका म्हणाले, "उशिरा का होईना, पोरगा मार्गी लागला!" टाळ्या थांबेनात.

निमिषनं डाव्या हातानं माइक घेतला, कारण उजवा वर जात नव्हता. समोर काकू अभिमानानं डोळे पुसत होत्या.

"आई," तो म्हणाला, "प्रोजेक्ट संपला."