बंबाजवळचे ठोकळे

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा, कारण माझी फजिती ऐकताना एकाला ठसका लागलेला आहे!

मुलीचा, मनालीचा, साखरपुडा ठरला. मुलगा रोह्याचा, धाटावला कंपनीत. आमचं रामवाडीतलं घर तेव्हा अर्धवट बांधलेलं. पण मी व्याह्यांना छातीठोकपणे सांगून बसलो, "साखरपुडा आमच्या नव्या हॉलमध्येच!"

हॉल कुठला? वर परवा टाकलेला स्लॅब, खाली टेकूंचं जंगल! माणूस आत शिरायचा तर वाकून, तिरका होऊन.

आमचा कॉन्ट्रॅक्टर दत्ता म्हणाला, "दादा, थंडी हाय. थंडीत काँक्रीट हळूहळू ताकद धरतं. ऊब असली की लवकर. टेकू काढायचं का नाय, ते ठोकळं दाबून बघू, मग ठरवू."

ठोकळे म्हणजे स्लॅबच्याच मालातले थोडे काँक्रीट साच्यात भरून केलेले चौकोनी तुकडे. लॅबमध्ये मशीनखाली दाबून फोडतात, त्यावरून स्लॅबची ताकद कळते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. व्याही! मी बोलत असताना दत्ता ठोकळे दाखवून म्हणाला, "ह्यांना सारखं सांभाळा हां!"

सारखं? अहो, मी काय मागे हटणारा माणूस आहे? साखरपुडा हॉलमध्ये म्हणजे हॉलमध्ये!

ठोकळे उचलून थेट न्हाणीघरात नेले. बंबाला लागून घमेल्यात कोमट पाण्यात बसवले, वरून गोधडी. सकाळ-संध्याकाळ बंब पेटता. मधूनमधून बोट घालून पाणी बघायचं. गार लागलं की घाला लाकूड!

बायको दारात उभी. "माज्यासाठी कधी असं पाणी तापवलंत?"

"तुला कोण मशीनखाली दाबणार हाय?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

शेवटी ठोकळे स्कूटरवर पायाशी ठेवून मीच लॅबमध्ये पोचवले. रिपोर्ट काय आला म्हणता! फोडताना मशीनच दमली असणार. मी लगेच व्याह्यांना फोन केला, मांडववाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि टेकू काढायला दत्ताला बोलावलं.

दत्ताने रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. "दादा, ह्या थंडीत एवढी ताकद? ठोकळं ठेवलंवतं कुठं?"

मी ऐटीत त्याला न्हाणीघर दाखवलं. त्याने बंब बघितला, गोधडी बघितली. मग बाहेर येऊन वाऱ्यात उघड्या पडलेल्या स्लॅबकडे बघितलं.

"आन् स्लॅबला काय पांघरलंत?"

"स्लॅबला कशाला? परीक्षा तर ठोकळ्यांची!"

दत्ता डोक्याला हात लावून वाळूच्या ढिगावर बसला. "अवो, सारखं म्हंजे स्लॅबसारखं! स्लॅब कुडकुडतोय तर ठोकळं पन कुडकुडायला पायजेत. तवा स्लॅबची खरी ताकद कळंल!"

"मला वाटलं, सारखं म्हणजे सतत..."

"एक पन टेकू काढनार नाय. डोक्यावर पडंल!"

"अरे, मग साखरपुडा?"

"बंबाजवळ करा! पास तेवढीच जागा झाली हाय."

व्याह्यांना काय तोंड दाखवू? पण म्हटलं, जागा हलेल, तारीख हलणार नाही! पँट दुमडली, फावडं घेतलं आणि अंगणातली खडी स्वतः उपसली. मांडववाल्याचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. अंगणात, उन्हात, झकास साखरपुडा झाला! टेकूंचं जंगल मागे, फोटोत आपोआप आलं.

पाहुणे निघाले. जावयाचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "आमच्या मनालीला सारखं सांभाळा..."

जावई मान डोलावणार, इतक्यात मागून मनाली ओरडली, "बाबा, त्यांना आधी अर्थ सांगा! नाहीतर बसवतील मला बंबाजवळ!"