पाण्याने न पुसायचं टेबल

देवबागला आमच्या घरात आठ माणसांचं जेवणाचं टेबल आहे आणि त्यावर मी एकटा जेवतो. बायको स्वयंपाकघरात जेवते, तीही एकटी. आमचं भांडण झालेलं नाही. हे कसं झालं ते मला लिहून काढायचं आहे, कारण त्यात चूक माझी आहे आणि ती मी बराच काळ टेबलाची म्हणून सांगत आलो.

पुण्यात कारखान्यांच्या यंत्रांची नियंत्रणं बनवण्यात माझी वीस वर्षं गेली. मुलगी शिकायला लांब गेली तेव्हा आम्ही दोघं गावी परतलो. बायकोने दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आणि मी टेबल करायला घेतलं. फणसाच्या लाकडाची चौकट, तिच्यात आडवा ठेवलेला टीव्हीसारखा मोठा पडदा, वर जाड काच, आणि काचेच्या कडेने डोळ्यांना न दिसणारे किरण सोडणारी पट्टी. बोट टेकलं की किरण अडतात आणि टेबलाला कळतं. आठ जणांनी एकदम बोटं लावली तरी चालावं, कुणी भरतीची वेळ बघावी, कुणी खाडीचा नकाशा पसरावा, पोरांनी खेळावं, आणि हे सगळं जेवता जेवता, असं माझ्या मनात होतं. किरणांना मात्र बोट काय आणि ताट काय, सारखंच. बाही, वाटी, माशी, सगळ्यालाच ते बोट समजत. ताट ओळखायला शिकवण्यात माझा एक पावसाळा गेला. आपला उजवा हात जेवणात असतो म्हणून सगळी बटणं मी प्रत्येकाच्या डाव्या हाताशी ठेवली. याचा मला फार अभिमान होता.

एक साधी गोष्ट मात्र सुचली नाही. जेवणं झाली की आमच्याकडे खरकटं काढून जागा ओल्या फडक्याने पुसतात. पाणी फिरल्याशिवाय ती जागा उष्टीच. पहिल्याच आठवड्यात बायकोने काच तशी पुसली, पाणी कडेच्या पट्टीत गेलं आणि पट्टी बंद पडली. मी दुसरी मागवली आणि नियम केला. पाणी लावायचं नाही, फक्त कोरडं मऊ फडकं.

"उष्ट्यार ताट कसा मांडू?" ती म्हणाली.

मी बाजारातून जंतू मारायचा फवारा आणून दिला. तिने त्याचा वास घेतला आणि खाली ठेवला. "पाणी लावूचा नाय, ओलो हात लावूचो नाय. टेबल आसा की सोवळ्यातली म्हातारी?"

मीही हसलो. तोवर ती माझ्याबरोबर टेबलावरच जेवत होती.

मग मे महिन्यात कोल्हापूरकडचं एक कुटुंब राहायला आलं. जेवताना त्यांच्यातल्या कुणाचा तरी सोलकढीचा पेला कलंडला आणि बायको सवयीने ओलं फडकं घेऊन धावली. मी तिचं मनगट धरलं आणि पाहुण्यांकडे बघून, शुद्ध मराठीत, हसत म्हणालो, "तिला यातलं काही कळत नाही."

पाहुणेही हसले. तिने फडकं माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून ती आत जेवू लागली.

मी त्याचं कारण पाणी आहे असं धरून चाललो. खरं कारण मला माहीत होतं, पण पाण्याचा प्रश्न मला सोडवता येण्यासारखा होता. जूनमध्ये पाहुणे यायचे थांबले, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या गेल्या, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. पडदा लावला की टेबल आठही जागांसमोर उजळायचं. मला ते बघवेना, म्हणून सात जागा बंद करायची सोय केली. चाचण्याही मी एकटाच घ्यायचो, दोन्ही हात लांबवून, समोर बसलेल्या माणसाचं बोट कुठे येईल याचा अंदाज करत.

एकदा मीठ घ्यायला उठलो तर स्वयंपाकघराच्या दारातून ती दिसली. तिचं जेवण झालं होतं. लादीवर काही सांडलं नव्हतं, तरी ती ताटाची जागा पुसत होती. लांबून स्वतःकडे अर्धगोल फडकं यायचं, आणि शेवटी तिचा डावा तळवा खरकटं गोळा करायला पुढे व्हायचा. मी तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते कधी पाहिलं नव्हतं.

पुसण्याची ती चाल मी टेबलाला शिकवली. कडेची पट्टी काढून टाकली, स्पर्श ओळखणारा पातळ पापुद्रा काचेच्या खालच्या बाजूने चिकटवला, चौकटीच्या सगळ्या फटी बुजवल्या. आता ओलं फडकं तसं फिरलं की टेबल झोपतं आणि काच सुकली की जागं होतं. गणपतीच्या आधी हे काम संपलं. एका दुपारी मी पाण्याची बादली आणि फडकं तिच्यासमोर ठेवलं. तिने आधी जरा बिचकत, मग नेहमीच्या हाताने सगळी काच पुसली. पडदा विझला आणि थोड्या वेळाने पुन्हा लागला.

"टेबलाचा झाला," ती म्हणाली आणि फडकं पिळू लागली.

बोलायची पाळी माझी होती. पाहुण्यांसमोरचं ते वाक्य मी रोज मनात ऐकत होतो.

"पाव्हण्यांसमोर मी जा बोललो ता बोलाक नको होता," मी म्हणालो. "कळूक नाय ता माका."

तिने फडकं वाळत घातलं, हात पुसले, आत जाऊन माझं ताट वाढून आणलं. "जेवा. निवता."

मग ती समोरची खुर्ची ओढून बसली. मी तिच्याही ताटाचं विचारलं, तर म्हणाली, तिचं कधीच झालं. इतक्या महिन्यांत तिला लवकर जेवायची सवय लागली आहे. तेव्हापासून ती रोज मी जेवेपर्यंत समोर बसते, बाजारात कुठला मासा आला ते सांगते, आणि माझं संपलं की उठून काच पुसते. मी पुसतो म्हटलं तर फडकं देत नाही. उद्या माझ्याबरोबर जेवायला थांबशील का, असं मी अजून विचारलेलं नाही.