सिनेमाखालची अक्षरं

"तुझं ते चाक फिराया लागलंय," आई फोनवर म्हणाली.

मी पुण्यात, ऑफिसात, नुकताच डबा उघडला होता. चाक म्हणजे काय ते मला लगेच कळलं. सिनेमा मध्येच थांबतो, पडद्याच्या मधोमध एक गोल फिरत राहतो, आणि बघणारा माणूस त्या गोलाकडे बघत बसतो.

येडगावला धरणाच्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर आमचं घर आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि आईनं एकच चैन केली. जुन्या मराठी सिनेमांच्या आणि नाटकांच्या डिस्क आणायच्या आणि दुपारच्या जेवणानंतर दोघांनी बसून बघायच्या. संध्याकाळी दिवे लागले की बिबट्याच्या भीतीनं दारं बंद होतात, तेव्हा अर्धा राहिलेला सिनेमा पूर्ण व्हायचा. एकेक सिनेमा किती वेळा बघितला असेल याला हिशेब नाही. पुढे डिस्कवर ओरखडे पडले, प्लेअर बंद पडला, नवा मिळेना. तेव्हा मी सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. माझा जुना लॅपटॉप, ज्याचं झाकण नीट मिटत नव्हतं, तो टीव्हीशेजारी आईच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि त्याचा घरातल्या घरात सर्व्हर केला. टीव्हीवर सगळे सिनेमे चित्रांसकट एका ओळीत दिसू लागले. आप्पा रिमोट घेऊन निवडायचे आणि आई म्हणायची, "हाच लावणार, मला ठावं व्हतं."

दोन वर्षं हे सगळं बिनतक्रार चाललं होतं. आणि आता अचानक हे चाक.

मी फोनवरूनच सुरुवात केली. राउटर बंद करून चालू करायला सांगितला. आईनं तो केला. लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला. तोही केला. दोन मिनिटं सिनेमा चालला आणि पुन्हा थांबला. मग मला वाटलं, वायफायचा काही घोटाळा असेल. गावातल्या केबलवाल्या भाऊंना मी फोन केला. ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, "ताई, लाइन एकदम ओके हाय. तुमचा सिनेमा लाइनवरून येतच नाय, घरातल्या घरात चाललाय." ते मलाही माहीत होतं, पण माणूस अडला की आधी बाहेरच्याकडे बोट दाखवतो. मग मी लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत वायर टाकून घेतली. म्हणजे वायफायचा प्रश्नच मिटला. चाक मात्र फिरतच राहिलं.

"अगं, ते डबडं लई तापतंय," आईनं एका दुपारी सांगितलं. "वर भाकर शेकावी असं. मी टेबलफॅन लावलाय त्याला."

हे मात्र नवीन होतं. नुसती फाईल उचलून टीव्हीकडे पाठवायची तर लॅपटॉपला घाम फुटायचं काही कारण नाही. तापतोय म्हणजे तो काहीतरी जड काम करतोय. त्या दिवशी आईला सिनेमा लावून ठेवायला सांगितलं आणि मी इथून, माझ्या मोबाइलवरून, सर्व्हर आत काय करतोय ते उघडून बघितलं.

सबटायटल्स चालू होती.

डिस्कवरून सिनेमे उतरवताना त्यांच्याबरोबर इंग्रजी सबटायटल्सही आली होती. ती मजकूर नव्हती, अक्षरांची चित्रं होती. ती लावली की लॅपटॉपला सिनेमाचं प्रत्येक चित्र उघडून त्यावर अक्षरं छापायची, ते पुन्हा बांधायचं आणि मग टीव्हीकडे पाठवायचं, एवढा उद्योग करावा लागतो. त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला तो झेपत नव्हता. टीव्ही पुढचं चित्र मागायचा, लॅपटॉप मागेच राहायचा, आणि तेवढा वेळ चाक फिरायचं.

मला हसूच आलं. रिमोटवर चुकून बोट पडलं असणार. आईला बटण कुठलं ते सांगितलं, तिनं ती अक्षरं घालवली आणि सिनेमा तेल घातल्यासारखा चालू लागला. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली.

दोनतीन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा चाक. मी बघितलं तर सबटायटल्स पुन्हा चालू.

"आई, ती अक्षरं कोण लावतंय?"

"काय म्हाईत," ती म्हणाली.

"आप्पांना दे बरं."

"ते मागं गेल्यात, गोठ्याकडं."

गेले काही महिने हे असंच चाललं होतं. आप्पा फोन घ्यायचे, "बरी आहेस ना? घे, आईशी बोल," एवढं म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. मला वाटायचं, वय झालं की माणूस कमी बोलतो.

त्या शनिवारी मी गावी गेले. नारायणगावला एसटीतून उतरले तर आप्पा स्टँडवर नव्हते. एरवी स्कूटर घेऊन ते माझ्या आधी हजर असायचे. मी रिक्षानं घरी आले. स्कूटर पडवीत उभी होती आणि तिच्यावर धूळ होती.

"चाकात हवा नाही," आप्पा म्हणाले. मी चाकाकडे बघितलं. हवा होती.

जेवणं झाली. आप्पांनी खुर्ची ओढली, आई खाली भिंतीला टेकून बसली, मी तिच्याशेजारी बसले. मी सबटायटल्स बंद करून त्यांचा लाडका विनोदी सिनेमा लावला, ज्यात एक भित्रा जावई पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला येतो. सिनेमा मस्त चालला होता, चाकाचा मागमूस नव्हता. मी समाधानानं आप्पांकडे बघितलं.

ते टीव्हीकडे बघतच नव्हते. आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. आई हसली, ते हसले. आईनं कपाळावर हात मारून घेतला तशी त्यांनी मान हलवली. मध्येच पडद्याकडे नजर जायची, पुन्हा आईवर यायची. मी हळूच म्हटलं, "आप्पा, पाणी देऊ?" ते हलले नाहीत. मी जरा मोठ्यानं पुन्हा विचारलं. आईनं त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. तेव्हा ते वळले. "काय गं?"

मी सिनेमा सोडून त्यांच्याकडेच लक्ष ठेवलं.

थोड्या वेळानं आई चहा टाकायला उठली. आप्पांना मी पेंगतेय असं वाटलं असावं, कारण मी मुद्दामच डोळे अर्धवट मिटून घेतले होते. त्यांनी सावकाश रिमोट उचलला आणि बटणं दाबली. पडद्याच्या तळाला पिवळी इंग्रजी अक्षरं आली. एक वाक्य आलं, ते त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग चाक. ते हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिले, जसं रेल्वेच्या फाटकाला गाडी जायची वाट बघत माणूस बसतो. चित्र हललं, पुढचं वाक्य आलं, तेही वाचलं. पुन्हा चाक.

मी उठून त्यांच्यासमोर गेले. खाली बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

"आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "येतं. आवाज येतो. शब्द येत नाहीत."

"कधीपासून?"

"झाले की काही महिने. पहिल्यांदा वर्गातल्यासारखं वाटायचं, मागच्या बाकावरची पोरं कुजबुजतात तसं. आता सगळीच कुजबुजतात."

"मग आवाज वाढवायचा ना टीव्हीचा!"

त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली. "तुझ्या आईचं डोकं उठतं मोठ्या आवाजानं. नंतर दोन दोन दिवस पडून असते. एकटीनं सोसायचं असतं ते." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे थांबतं, ते खरं. पण वाचता तरी येतं."

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप खाली ठेवले आणि मला म्हणाली, "मला ठावं हाय की. म्हणून तर मी मोठ्यानं हसते. त्यास्नी कळावं, इथं हसायचं व्हतं म्हणून."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"त्यास्नी सांगायचं न्हवतं. मग मी कशी सांगू?"

आप्पांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. आई त्यांच्याजवळ गेली, कानाशी वाकली आणि सावकाश म्हणाली, "आवो, मी म्हणते, तुमी भलत्याच जागी हसायचा अलीकडं. मी हसायच्या आधीच. मला कोडं पडलं व्हतं."

हे त्यांना समजलं. ते खरोखर हसले. "अगं, त्या इंग्रजीला हसत होतो मी. ती सासू जावयाला 'मेल्या' म्हणते ना, तिथं लिहिलंय, अरे मृत माणसा!"

आईला ते इतकं आवडलं की चहा पिताना ती दोनदा आप्पांना "आवो मृत माणसा" म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांना मंचरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आढेवेढे घेतलेच त्यांनी. पण तपासणीच्या खोलीत, कानावर ती मोठी यंत्रं लावून, ऐकू आलं की बोट वर करायचं असं सांगितल्यावर ते अगदी शिस्तीच्या विद्यार्थ्यासारखे बसले. काचेतून मला दिसत होतं, किती तरी वेळ त्यांचं बोट वर गेलंच नाही. ते वाट बघत होते, तयार होते, आणि त्यांना कळतही नव्हतं की आवाज येऊन गेला. आईनं माझा हात धरला होता. तो तिनं सोडला तेव्हा माझ्या बोटांवर तिच्या बांगड्यांचे वळ होते.

कानाचं यंत्र मिळालं. फोनवर त्याचा उपयोग होतो, बाजारात होतो, स्कूटर पुन्हा बाहेर निघाली. पण सिनेमाच्या वेळी आप्पा ते काढून ठेवतात. म्हणतात, त्यातून पंखाच आधी ऐकू येतो आणि माणसं नंतर. त्यांना अक्षरांची सवय झाली होती.

मग राहिलं ते चाक. नवा, ताकदीचा कॉम्प्युटर आणला असता तर प्रश्न सुटला असता. पण चित्रांऐवजी साध्या मजकुराची सबटायटल्स असली तर लॅपटॉपला काहीच छापावं लागत नाही. मजकूर तसाच जातो आणि अक्षरं टीव्ही दाखवतो. म्हणजे कुणीतरी ती टाइप करायला हवीत, कुठलं वाक्य कधी येतं त्याच्या वेळेसकट. मी हे समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग इंग्रजीत कशापायी? आपला सिनेमा आपल्या भाषेत लिव्ह की. मी सांगते, तू लिव्ह."

तिला खरंच सगळं पाठ होतं. मी सुट्टीला गेले की आम्ही बसायचो. ती एकेक संवाद सांगायची, मी टाइप करायचे, आणि आप्पा चष्मा लावून पडद्यावर शुद्धलेखन तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण आई सिनेमातल्या शहरी सासूचे संवादही आपल्या बोलीत सांगायची. एकदा मी तिच्या सांगण्याबरहुकूम "असं व्हतं व्हय" असं लिहिलं.

"ती 'व्हतं' म्हणत नाही," आप्पा म्हणाले. "'होतं' म्हणते."

आई म्हणाली, "तुमाला ऐकू येतंय व्हय?"

क्षणभर मला कळेना की आता काय होणार. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नाही," ते म्हणाले. "ठेव मग 'व्हतं'."

तो पहिला सिनेमा पूर्ण लावला त्या दुपारी तो एकदाही अडला नाही. लॅपटॉप गार होता, आई हात लावून बघत होती. आप्पा आता पडद्याकडे बघत होते, आणि आईच्या आधी, तिच्या मागून, तिच्याबरोबर, जिथं वाटेल तिथं हसत होते. एका ठिकाणी मात्र त्यांनी मला थांबवायला सांगितलं. जावई अंधारात उठून बसतो आणि घाबरतो.

"हा कशाला घाबरला?"

"बाहेर आवाज होतो ना," मी म्हटलं.

"मग ते लिहिलं नाहीस. आवाज पण लिहायला पाहिजेत."

मला ते सुचलंच नव्हतं. आईला विचारलं, काय लिहू? तिनं विचार केला. "कुत्रं लांबवर रडतंय, असं लिव्ह." मी कंसात लिहिलं. मग तिला नाद लागला. दार करकरलं. कुणीतरी भांडं पाडलं, पितळेचं हाय. पुढे लेक सासरी निघते त्या प्रसंगात नुसतं संगीत आहे, बोलणं नाही. तिथं मी लिहिलं, "सनई वाजते."

आईला ते पटलं नाही. "सनई तर लग्नात पण वाजली व्हती. ती येगळी, ही येगळी."

"मग काय लिहू?"

ती डोळे मिटून ऐकत राहिली. आप्पा तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबले होते. "लिव्ह," ती म्हणाली, "सनई वाजतीय, पण वाजवणाऱ्याला बी घरी जावंसं वाटंना."

मी ते तसंच टाइप केलं. आप्पांनी वाकून वाचलं, आणि या वेळी त्यांनी शुद्धलेखनाची एकही चूक दाखवली नाही.