चढतं विमान, उतरतं विमान

विमानावर आमच्या घरमालकांइतका जीव टाकणारा आणि विमानात एकदाही न बसलेला माणूस साताऱ्यात तर नव्हताच, पार सांगलीपर्यंत शोधूनही सापडला नसता. लढाईच्या काळात ते हवाई दलात पत्रा ठोकायला होते. त्यांनी सांधलेली विमानं आकाशात जात आणि हे खाली मान वर करून उभे. एकदा तरी वर जायचं, ही इच्छा तशीच घेऊन ते परतले. सोबत भंगारात मिळालेला वाकडा पंखा आणि वैमानिकाची खुर्ची. म्हैस परसात बांधून त्यांनी गोठ्यात विमानाचं संग्रहालय मांडलं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, शाळेत नोकरी लागून त्यांच्याकडे राहायला आलेला. येणाऱ्याला ते आधी पंखा दाखवत, मग मला.

"जत्रेतनं कुणी मोकळ्या हातानं घरी जातंय व्हय, मास्तर?" असं म्हणून त्यांनी दाराशी दुकान घातलं. विमानाच्या पत्र्याच्या फण्या केल्या; त्या केस विंचरण्याऐवजी उपटत. पेढ्यांवर विमानाचा छाप उठवला. पोरांनी ते बेडूक समजून आवडीने खाल्ले. मालकीणबाई गिऱ्हाइकांना पाणी देता देता सांगत, की आमची कोंबडीसुद्धा ह्यांच्यापरीस उंच उडालीया. मालक हसत, पण त्या दिवशी त्यांचं जेवण जरा कमीच जाई.

शेवटी त्यांना विकण्याजोगी वस्तू सापडली. लाकडी ठोकळ्यावर वाकवलेली तार आणि तारेच्या टोकाला पत्र्याचं इवलंसं विमान, नाक आभाळाकडे. घरात ठेवल्यावर माणसाची नजर वर गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

एकदा कवठे महांकाळकडची एक म्हातारी आली. तिचा मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला होता. लढाई संपली तरी त्याची खबर नव्हती. तिने विमान हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"ह्ये उतरतानाचं हाय का?"

"आवं मावशी, विमान चढतानाच शोभतं."

"चढल्यालं मला ठावं हाय, दादा. उतरल्यालं दे."

मालकांनी पक्कड घेऊन तार वाकवली आणि नाक जमिनीकडे केलं. म्हातारीने ते पदरात गुंडाळून नेलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. फौजेत गेलेलं माणूस नाही असं घर आमच्याकडे कुठलं? जो तो उतरतं विमान मागू लागला. मालक उतरतीच करत राहिले. चढत्याला गिऱ्हाईक उरलं नाही. वर जाण्याची गोष्टही ते बोलेनासे झाले.

माझी बदली सांगलीला झाली, तेव्हा मीही एक विमान मागितलं. त्यांनी पक्कड उचलली.

"चढतं द्या," मी म्हणालो.

त्यांनी पक्कड परत ठेवली. दुपारभर खपून विमान केलं, पण हातात दिलं नाही. धोतराचा सोगा खोचून, ते डोक्यावर धरून, अंगणभर पळत सुटले. मालकीणबाई दारात आल्या. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. त्यांनी वाटेतलं घमेलं तेवढं बाजूला सरकवलं.