विक्कीच्या नावाची टेस्ट

वैनगंगेच्या काठाला, ब्रह्मपुरीहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जावं तर खैरबोडी लागतं. गाव लहान, पण तलाव मोठा. अर्ध्याहून जास्त घरं मासे धरणाऱ्या ढिवरांची. त्यातल्या शेवटच्या घरात देवानंद मारबते राहतो. बापानं त्याच्या हाती जाळं दिलं होतं. ते त्यानं खुंटीला अडकवलं आणि आयुष्यभर आगीशी काम केलं.

देवानंद पाइपचा वेल्डर. ग्रिल आणि फाटकं जोडणारे वेल्डर गल्लोगल्ली सापडतात, त्यांच्यात त्याला मोजू नये. तेलाच्या आणि गॅसच्या पाइपला कुठून कुठे जोड द्यावा लागेल याचा नेम नसतो. कधी उताणं पडून, तर कधी खड्ड्यात मान मोडून काम करावं लागतं. दोन पाइप तोंडाला तोंड लावून ठेवतात, आणि त्यांच्यातल्या फटीत सगळ्यात आधी एक बारीक टाका पडतो. त्याला रूट म्हणतात. त्याच्यावर मग थरावर थर चढवायचे. वरचे थर डोळ्याला दिसतात, रूट दिसत नाही. पण आतलं तेल आणि आतला गॅस त्या न दिसणाऱ्या टाक्यावरच रेटा देत असतो. तो हात यायला वर्षं जातात. देवानंदला तो चंद्रपुरात एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवला. पुढे तो हात घेऊन देवानंद जामनगरला गेला, पारादीपला गेला, बाडमेरच्या वाळूत राहिला. डोळ्यांत कायमची लाली घेऊन गावी परतला, तेव्हा त्याच्या वयाचे बहुतेक वेल्डर घरी बसले होते आणि त्यांच्या जागा घ्यायला कोणी तयार झालं नव्हतं.

याच सुमारास ब्रह्मपुरीचा सुरेंद्र फटफटीवर आला. सुरेंद्र ठेकेदाराला माणसं पुरवायचा. नागपूरकडे गॅसची मोठी लाइन टाकणं चालू होतं.

"देवानंदभाऊ, वेल्डर पाह्यजे. पाइपवाले. जेवढे असन तेवढे द्या."

"वेल्डर का चिचेच्या झाडाले लागते, सुरेंद्र? हलवले का पडले?"

"मस्करी नोका करू जी. चार जिल्हे पालथे घातले. लाइन अडून राह्यली."

"गावात पाच पोरं आहेत. आयटीआय करून बसले. एक हंगाम दे मले, तयार करून देतो."

"हंगाम कुठून देऊ? मले पुढच्या सोमवारी पाह्यजे."

देवानंदनं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण तो खैरबोडीचा माणूस. इथं तलावात मोठं जाळं पडलं की मासळी पळसाच्या पानांवर वाटून ठेवतात, चुलीमागे एक वाटा. जाळं ओढायला कोण आलं, कोणाच्या हातात जोर जास्त, हे कोणी विचारत नाही. तापानं पडलेल्याचा वाटा पडतो, आंधळ्याचा पडतो, विधवेच्या दारात तर लोक स्वतः नेऊन देतात. चार हातांनी ओढावं आणि चाळीस घरांनी खावं, हे देवानंद आईच्या दुधासोबत प्याला होता. आपल्या हातातलं कसबही त्याला तसंच वाटलं. हात एकट्याचा असला म्हणून काय झालं, घरं तर पाच जगतील.

त्या पाच घरांतलं एक त्याच्या बहिणीचं, कुंताचं होतं. कुंताचा नवरा तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला होता, त्याला वाघानं नेलं. तेव्हापासून पोरगा विक्की जंगलाकडे वळला की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

"दादा, याले कुठीबी घेऊन जा," ती म्हणाली. "दूर ने. पण झाडाखाली नोको धाडू."

सोमवारी टेस्ट झाली. पत्र्याच्या आडोशात एकेकानं पाइप जोडून दाखवायचा. दारावर फोटो पाहून आत सोडत होते. आत गेलं की सगळ्यांच्या तोंडावर काळ्या काचेचं हेल्मेट, आणि हेल्मेटमागे माणूस माणसासारखाच दिसतो. वेल्डर जसे कमी तसे तपासणारेही कमीच. एकच साहेब दोन ठिकाणं सांभाळत होता. पोरगा आडोशात शिरायचा, मागच्या पत्र्यातून देवानंद आत यायचा, आणि पोराच्या नावानं जोड देऊन तसाच बाहेर पडायचा.

चौघांचे जोड त्याने चांगले दिले. विक्कीचा देताना मात्र त्याला कुंताचं रिकामं कपाळ आठवलं. तो पाइप त्याने जीव ओतून जोडला. श्वास रोखून, मनगट जराही न हलवता, जसा उस्तादासमोर पहिल्यांदा जमला होता तसा. इतका देखणा रूट त्याच्या हातून कित्येक वर्षांत पडला नव्हता. तिथंच घात झाला.

लाइनवर त्याने हिशेब बसवला होता. रूट आपण भरायचा, वरचे थर पोरांनी चढवायचे, आणि चढवता चढवता शिकायचं. तसं जमतही होतं. जोडांचे एक्स-रे साफ निघत होते. साहेब लोक या टोळीला नावाजत होते. पोरं नव्या बुटांवर गावात येत होती. देवानंदला वाटलं, दोन वर्षं असं निभलं तर पोरं खरोखरच तयार होतील.

पण माणसांची तंगी फक्त नागपूरकडे थोडीच होती? समुद्रकाठच्या एका रिफायनरीत दुरुस्तीसाठी सगळं बंद ठेवलं होतं, आणि तिथंही हाताला हात मिळत नव्हता. तेही काम याच कंपनीकडे होतं. तिनं आपल्या वेल्डरांच्या टेस्टा काढून पाहिल्या. सगळ्यात सरस निघाली ती विक्कीची, आणि तिकडे जायला त्याचंच नाव लागलं.

विक्की हरखून गेला. कुंतानं ब्रह्मपुरीहून पेढे आणवले. देवानंदनं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून राहिला.

"बाई, त्याले नोको जाऊ देऊ."

"काऊन?"

"त्याले रूट येत नाई अजून."

"टेस्ट तर पास झाला ना?"

देवानंदनं तिला सगळं सांगितलं. कुंतानं पेढ्यांचा पुडा बांधून ठेवला. मग म्हणाली, "तू भरतच होता ना त्याच्यासाठी? तिथी दुसरा कोणी भरून देईन. सगळीकडं माणसंच असते, दादा."

विक्की गेला. पहिले काही दिवस फोनवर नुसता हसत होता. जेवण चांगलं, आंघोळीला गरम पाणी. त्याला अजून किरकोळ कामावर ठेवलं होतं. मग एका दुपारी म्हणाला, "मामाजी, उद्यापासून मेन लाइनवर टाकून राह्यले मले. गॅसच्या."

"विक्की, रूटले हात नोको लावू. हात दुखते म्हण. ताप आला म्हण."

"किती दिवस ताप येईन मले? आता जमते मले. व्हिडिओ पाह्यतो रोज."

"व्हिडिओ पाहून पोहता येते का रे?"

"तुमी सोडून कोणालेच येत नाई असं वाटते का तुमाले?" विक्कीचा आवाज चढला. "पास मी झालो मामाजी. नाव माह्यं आहे." आणि त्याने फोन ठेवला.

देवानंद हेल्मेट तिथंच मातीत ठेवून साइटच्या ऑफिसकडे चालू लागला. गॅसच्या लाइनचा रूट कच्चा राहिला म्हणजे काय होतं ते त्याने बाडमेरला पाहिलं होतं. मेलेल्या माणसाला त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरून ओळखावं लागलं होतं.

माणसं नेमण्याचं काम तिथं रश्मी रामटेके नावाची मुलगी पाहायची. ती ब्रह्मपुरीचीच होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे किती माणूस लागेल, म्हातारे किती जातील, त्यांच्या जागी कोण, याचा ताळमेळ तिनं बसवायचा होता. तो बसत नव्हता. देवानंदनं तिला टेस्टपासून सगळं सांगितलं. त्याचं संपल्यावर उठून तिनं दार लावलं.

"देवानंदभाऊ, हे तुम्ही मला सांगितलंत म्हणजे आता मला गप्प बसता येणार नाही. कळतंय ना?"

"त्याच्यासाठीच आलो, मॅडम."

"पाचही पोरं जातील. तुम्ही पण."

"विक्कीले आज थांबवा. बाकी मग करा जे करायचं ते."

तिनं त्याच्यासमोर फोन लावला. पलीकडचा माणूस आधी चिडला, माणूस नाही आणि आहे तोही काढता का म्हणाला. शेवटी त्याने विक्कीला टेस्टचा पाइप पुन्हा जोडायला लावला. संध्याकाळी उत्तर आलं. वरून जोड बरा दिसत होता. आतून रूट जागोजागी उघडा होता.

रश्मीनं फोन खाली ठेवला. मग ती आपल्या घरच्या बोलीत आली. "भाऊ, वर्षभरापासून मी शिकवणारा माणूस शोधून राह्यली. तुमचंच नाव धाडणार होती."

"मग आता धाडा."

"आता तुमचं नाव कुठीच धाडता येत नाई."

पाचही पोरं घरी आली. यांना घेऊ नका म्हणून त्यांची नावं सगळ्या ठेकेदारांकडे फिरली, देवानंदचंही फिरलं. गावात कोणी त्याच्या अंगावर धावून आलं नाही. पानटपरीवर नुसतं हसत, "सरका रे, हरिश्चंद्र आले. बसू द्या त्याईले." देवानंद चहा न घेताच माघारी फिरायचा. चार पोरांपैकी एक बापासोबत तलावावर जाऊ लागला, बाकीचे रोजीनं धानाच्या बांधीत उतरले. विक्की घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

त्या दिवसांत कुंता भावाच्या अंगणात आली ती एकदाच. "वाघानं नवरा नेला तर रडली मी. वाघाले समजत नाई. तू तर समजून-उमजून माह्या पोराच्या अन्नात माती कालवली."

"तो जित्ता आहे, बाई."

"मेला असता हे तुले कोणी सांगतलं?"

जे घडलंच नाही ते तो तिला कसं दाखवणार होता?

मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा विक्की गावातून नाहीसा झाला. देवानंदनं विचारलं तर कुंता म्हणाली, पुण्याकडं गेला, गोडाऊनमध्ये आहे. त्याने विश्वास ठेवला. खरं म्हणजे, ठेवावासा वाटला म्हणून ठेवला.

पावसाळा निघून गेला. धान कापणीला आलं, तेव्हा कुंता दुसऱ्यांदा त्याच्या दारात उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

"दादा, विक्की गोडाऊनमध्ये नाई. सुरेंद्रनं नेला त्याले. पाइपवर."

"त्याचं नाव तर बंद आहे."

"दुसऱ्याच्या नावानं नेला. कोणी एक पास झालेला होता, तो घरी बसला. त्याचं पास झाल्याचं कार्ड विक्कीले देल्लं." तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. "फोन करत होता मले. वेगवेगळ्या नंबरवरून. म्हणे मामाजीले सांगू नोको, ते पुन्हा जाऊन सांगतीन. म्हणून नाई सांगतलं. पोळ्यापासून फोन नाई, दादा."

"कुठं नेलं?"

"नाई सांगतलं. तू तर सगळीकडं गेला होता ना. तूच सांग, कुठी असन?"

देवानंदनं तोंड उघडलं. जामनगर असेल. पारादीप, काकिनाडा, बाडमेर. आसामातही असू शकेल. सगळ्याच ठिकाणी माणूस कमी होता, आणि कुठेही कोणी कार्डावरच्या फोटोकडे नीट पाहिलं नसतं. त्याने नावं घेतली, आणि कुंता प्रत्येक नावाला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

दोघं ब्रह्मपुरीला सुरेंद्रच्या घरी गेले. त्याची बायको दारातूनच म्हणाली, ते तेलंगणाकडं गेले, माणसं पाहाले. विक्की कोण ते तिला ठाऊक नव्हतं. विक्की कोणत्या नावानं गेला, तेही नाही.

बस स्टँडवर उभे असताना देवानंदच्या मनात जे आलं ते त्याने कुंताला सांगितलं नाही. पण ती त्याचीच बहीण. तिनंच विचारलं, "त्याले काही झालं, तर कंपनीवाले फोन कोणाच्या घरी करतीन?"

"कार्डावर ज्याचं नाव, त्याच्या घरी."

तेव्हापासून कुंता चुकून आलेला फोनही कापत नाही. पलीकडचं माणूस रॉंग नंबर म्हणून ठेवायला लागलं की ती म्हणते, "थांबा जी. तुमचं गाव कोणतं? तुमच्या घरचं पोरगं आपलं कार्ड दुसऱ्याले देऊन घरी बसलं आहे का?" कोणी हसतं, कोणी शिवी देतं. ती पुढच्या फोनची वाट पाहत बसते.